मुलांच्या हातांतील कला आणि आपले कर्तव्य
(ज्ञातीच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गुणगौरवाचा कार्यक्रम आटोपल्यानंतर आणि अल्पोपाहारापूर्वी बोलावयास उभे राहणे हे काही फारसे भाग्याचे लक्षण नव्हे. श्रोत्यांचे अर्धे लक्ष स्वयंपाकघराकडून येणाऱ्या वासाकडे असते, हे पस्तीसहून अधिक वर्षे शाळेतील शेवटचा तास घेतलेल्या मजसारख्या मास्तराला कोणी सांगावयास नको. तथापि कार्यकारी मंडळाने आज्ञा केली आणि विषयही माझ्या आवडीचा दिला, म्हणून यथामति चार शब्द बोलण्याचे धाडस करीत आहे.

आताच आपण दहावी-बारावीत उत्तम गुण मिळविलेल्या मुलामुलींना शाल, श्रीफळ व सन्मानचिन्ह देऊन गौरविले. त्यांचे मीही मनापासून अभिनंदन करतो. परंतु ही यादी वाचली जात असता माझ्या मनात एक विचार आला. या यादीत शेकडेवारी आहे, अभियांत्रिकी आहे, वाणिज्य आहे. चित्र काढणारे, गाणारे, तबला वाजविणारे, नाटकात काम करणारे मूल मात्र एकही नाही. अशी मुले आपल्या घरांत नाहीत काय? आहेत. ती आपल्या यादीत बसत नाहीत, एवढेच.

आपली ज्ञाती दैवज्ञांची. आपल्या वाडवडिलांच्या हाती पुस्तक उशिरा आले, पण हातोडी, सांडस आणि फुंकणी पिढ्यान्‌पिढ्या होती. बागेसरीसमोर बसलेला सोनार ठुशी किंवा वज्रटीक घडविण्यापूर्वी ती मनात रेखाटीत असे. नथीचा आकडा किती वळवावा हे त्याला कोणत्याही शाळेने शिकविले नव्हते. ते बापाच्या मांडीशी बसून डोळ्यांनी उचललेले शिक्षण होते. आज दागिन्यांचे आराखडे संगणकावर तयार होतात, साचे यंत्राने पडतात आणि आपली मुले बँकांत, कारखान्यांत, संगणकाच्या कचेऱ्यांत नोकरी करतात. याबद्दल मी हळहळ व्यक्त करीत नाही. धंदा बदलतो, तो बदलावाच लागतो. पण धंद्याबरोबर हाताचे आणि डोळ्याचे जे शिक्षण घरातल्या घरात फुकट मिळत होते तेही गेले, आणि त्याची भरपाई करण्याची व्यवस्था आपण कोठेही केली नाही, याकडे मला आपले लक्ष वेधावयाचे आहे.

शाळा ही भरपाई करते काय? कागदावर करते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात असे म्हटले आहे की सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील तर तेथे कलाशिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक असावा. म्हणजे पहिली ते पाचवीच्या मुलांना, ज्या वयात मूल हाती लागेल त्या खडूने भिंत रंगविते, त्या वयात कायद्यानेही चित्रकलेचा स्वतंत्र शिक्षक दिलेला नाही. आणि वरच्या वर्गांत वेळापत्रकावर चित्रकलेचा तास असला तरी त्याचे काय होते हे शिक्षकांना ठाऊक आहे. ज्या एका शाळेत मी अनेक वर्षे काढली तेथे हा तास म्हणजे गणिताचा राहिलेला भाग पुरा करण्यासाठी ठेवलेली राखीव गंगाजळी होती. पर्यवेक्षण आले की मुलांच्या हाती घाईघाईने कागद देण्यात येत आणि सर्व वर्ग मिळून दोन डोंगर, त्यांमधून उगवणारा सूर्य, एक झोपडी आणि एक नारळाचे झाड काढीत असे. कोकणातले असो वा सिंधमधून आलेल्या घरातले असो, प्रत्येक मुलाच्या वहीत तोच सूर्य!

शासकीय रेखाकला परीक्षा, म्हणजे आपण ज्यांना एलिमेंटरी व इंटरमिजिएट म्हणतो त्या, ही खरोखर चांगली व्यवस्था आहे. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखन यांतून मुलाचा हात शिस्तीने तयार होतो. २०१७ साली शासनाने निर्णय करून या परीक्षांसाठी, तसेच शास्त्रीय गायन, वादन, नृत्य व लोककला यांसाठी दहावीला वाढीव गुण ठेवले. इंटरमिजिएटला 'अ' श्रेणी मिळविणाऱ्यास सात, 'ब' श्रेणीस पाच आणि 'क' श्रेणीस तीन. या निर्णयाने कलेचे भले झाले की नाही, याविषयी माझे मत अजून ठरलेले नाही. मुलांची संख्या वाढली हे खरे. पण पूर्वी ज्यांनी मुलाच्या हातातील रंगपेटी हिसकावून घेतली असती तेच पालक आता विचारतात, "मास्तर, सात गुण मिळण्याइतके चित्र किती दिवसांत येईल?" सात गुणांसाठी का होईना मूल कागदापुढे बसते, आणि बसलेल्या शंभरांपैकी पाचांना गोडी लागते, असे म्हणून मी मनाचे समाधान करून घेतो.

आता आपल्या गावांकडे पाहू. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची वस्ती पाच लाखांवर, अंबरनाथची सुमारे अडीच लाख आणि बदलापूरची पावणेदोन लाखांच्या घरात होती. त्यानंतर, विशेषतः बदलापुरात, किती इमारती उठल्या हे आपण लोकलच्या खिडकीतून रोज पाहतो. एवढ्या वस्तीतील मुलाला गाणे शिकावयाचे झाल्यास चांगल्या शिक्षकासाठी बहुधा कल्याण-डोंबिवली गाठावी लागते. जे. जे. कलाशाळेत शिकावयाचे झाल्यास बदलापूरहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे ६८ किलोमीटर. जाण्यास दीड तास, येण्यास दीड तास, तेही उभ्याने. अठरा वर्षांचा मुलगा ते सोसेल. दहा वर्षांच्या मुलीला संध्याकाळी सातच्या गाडीने तबल्याच्या शिकवणीहून एकटीने परत येऊ देणारी आई आपल्यांत कोण आहे? म्हणून मुलीचे गाणे पाचवीत थांबते. तिला गळा नव्हता म्हणून ते थांबत नाही; शिकवणीची खोली दोन स्थानके दूर आहे म्हणून थांबते.

आणि गंमत पाहा, कलेची मोठी शाळा आपल्या दारात नऊशेहून अधिक वर्षे उभी आहे. वालधुनीच्या काठचे अंबरनाथाचे शिवालय शके ९८२ मधले, म्हणजे इसवी सन १०६० चे, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातले. शिखर भंगले आहे, बऱ्याच मूर्तींचे हात-नाक झिजले आहे. पण बाहेरच्या भिंतीवर एक वीत जागा कारागिराने कोरी ठेवलेली नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी महाशिवरात्रीच्या रांगेत उभे राहून ते पाहिले असेल, म्हणजे पाहिले नसेल. १८६८ साली मुंबई सरकारने जे. जे. कलाशाळेच्या टेरीसाहेबांना विद्यार्थ्यांसह मुद्दाम येथे धाडले होते. त्यांनी या मंदिराची रेखाचित्रे काढली आणि शिल्पांचे ठसे घेतले. त्या काळी मुंबईची मुले चित्रकला शिकण्यासाठी अंबरनाथला आली आणि आज अंबरनाथची मुले चित्रकला शिकण्यासाठी मुंबईला जातात, किंवा जातच नाहीत! रविवारी सकाळी वीस मुले, वीस पाट्या आणि एक जाणता शिक्षक त्या भिंतीसमोर बसला तर त्यास कोणते मोठे द्रव्य लागते?

अलीकडच्या काळात या मंदिराच्या परिसरात कलामहोत्सव भरू लागला, नामांकित गायक-वादक आपल्या गावात आले, ही आनंदाची गोष्ट होय. मीही सतरंजीवर बसून ऐकले आहे. परंतु महोत्सव हा ऐकणाऱ्यांसाठी असतो. मुलाच्या हाती पेटी तो देत नाही. ते काम वर्षाच्या बावन्न आठवड्यांचे आहे, आणि ते कोणा पाहुण्याकडून व्हावयाचे नाही.

ते कोणी करावयाचे? माझे उत्तर असे की ते आपण करावयाचे. महाराष्ट्रात ज्या ज्या वेळी कला राजवाड्यातून आणि बैठकीतून निघून सामान्य घरच्या मुलापर्यंत पोचली, त्या त्या वेळी ते काम कोणा सरकारने केलेले नाही. पारशी बांधवांनी कैखुश्रू काबराजींच्या पुढाकाराने १८७० साली गायन उत्तेजक मंडळी काढली आणि आपल्या घरच्या लोकांना गाणे शिकविले. पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले ते कोणा संस्थानिकाच्या खजिन्यावर नव्हे, लोकांच्या वर्गणीवर आणि स्वतःच्या जलशांच्या उत्पन्नावर. कर्जापायी त्यांच्या पुढील आयुष्यात फार हाल झाले. पण १९३१ साली ते निवर्तल्यावर शिष्यांनी मंडळ उभारले आणि आज आपल्या मुली प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा ज्या परीक्षा देतात त्या त्या मंडळाच्या. शेजारच्या कल्याणात १९२६ पासून गायन समाज आहे. गावातील रसिकांनी तो काढला आणि चालविला. आपल्या बदलापुरात श्याम जोशी या शिक्षकाने 'ग्रंथसखा' हे केवढे मोठे ग्रंथालय उभे केले ते आपण जाणताच. एक मास्तर पुस्तकांसाठी एवढे करू शकतो, तर तीन गावांतील ज्ञाती मिळून चार पेट्या आणि दोन तबल्यांच्या जोड्या जमवू शकणार नाही काय?

नाटकाविषयी थोडे अधिक सांगतो, कारण तेथे मला फार शिकावयास मिळाले. १९५९ च्या सुमारास सुधा करमरकरांनी आणि १९६२ साली रत्नाकर मतकरींनी मुंबईत मुलांसाठी नाटके उभी केली, ती पुढे घरोघर माहीत झाली. पण मतकरींचे त्याहून मोठे काम मला त्यांच्या उतारवयातील वाटते. २०१४ साली त्यांनी ठाण्याच्या समता विचार प्रसारक संस्थेबरोबर 'वंचितांचा रंगमंच' सुरू केला. ठाण्यातील झोपडपट्ट्यांतील मुले तेथे स्वतःच्या वस्तीवरची नाटके स्वतःच रचतात आणि स्वतःच करतात; पाण्याची रांग, दारूडा बाप, बंद पडलेली शाळा, हेच त्यांचे विषय. मोठ्यांनी लिहून दिलेली, तोंडपाठ करून घेतलेली नाटुकली नव्हे. मतकरी २०२० साली गेले, परंतु त्यांनी दाखवून दिलेली रीत फार साधी आहे. मुलांना एकत्र बसवावे, काय सांगावयाचे आहे ते विचारावे, आणि मग आपण गप्प राहावे. आम्हा शिक्षकांना यांतील तिसरी गोष्ट सर्वांत कठीण. दूरच्या व्हेनेझुएला देशात होजे आन्तोनिओ आब्रेउ नावाच्या गृहस्थाने १९७५ साली एका गाड्या ठेवण्याच्या खोलीत अकरा मुलांना घेऊन वाद्यवृंद सुरू केला; पुढे त्यांतून लाखो गरीब मुले संगीत शिकली. अकरा मुले आपल्या एका इमारतीतही निघतील.

आता मी ज्या मुद्द्यासाठी उभा राहिलो आहे त्याकडे येतो. आपल्या सभागृहात दर रविवारी सकाळी चित्रकला, गायन-वादन आणि नाट्य यांचा वर्ग सुरू करावा, अशी सूचना मी कार्यकारी मंडळाकडे केली, तेव्हा ती सर्वांना पसंत पडली. परंतु त्या वर्गात आपल्या ज्ञातीबाहेरील मुलांनाही प्रवेश असावा असे मी म्हणताच काही ज्येष्ठांनी हरकत घेतली. त्यांचे म्हणणे मी येथे प्रामाणिकपणे मांडतो. ते म्हणतात की सभागृह ज्ञातिबांधवांच्या देणग्यांतून उभे राहिले, कित्येकांनी त्यासाठी बायकोच्या पाटल्या मोडल्या. मग आपल्या पैशाने परक्यांची मुले का शिकवावी? ही हरकत क्षुद्रपणाची आहे असे मी समजत नाही. ज्यांनी पाटल्या मोडल्या त्यांना विचारण्याचा अधिकार आहे.

पण नाना शंकरशेटांचा फोटो आपण याच सभागृहात लावला आहे. नाना आपल्याच ज्ञातीचे, १८०३ साली मुरबाडला जन्मलेले. मुरबाड म्हणजे आपल्या बदलापूरचा शेजार. १८४९ च्या सुमारास मुंबईत मुलींची शाळा काढावयाची ठरली तेव्हा नानांनी गिरगावातील आपल्या वाड्यात जागा दिली. ती केवळ दैवज्ञांच्या मुलींसाठी दिली काय? ग्रँट रोडवर १८४६ साली नाटकगृह उभे राहिले ते नानांच्या जागेवर, आणि १८५३ साली सांगलीच्या विष्णुदास भाव्यांनी आपले नाटक तेथे केले. भाव्यांची ज्ञाती विचारून पडदा वर गेला नाही. आणि उलट बाजू पाहा. जे. जे. कलाशाळा १८५७ साली सुरू झाली ती सर जमशेटजी जीजीभाई या पारशी गृहस्थाने दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून. ती पारशांपुरतीच ठेवली असती तर मराठी घरांतील किती चित्रकारांना आणि शिल्पकारांना हातात कुंचला वा छिन्नी धरावयास मिळाली असती? दुसऱ्याच्या देणगीवर शिकावयाचे आणि आपल्या देणगीला कुलूप घालावयाचे, हा हिशेब मला पटत नाही.

शिवाय यात एक व्यवहारही आहे. आपली घरे तीन गावांत विखुरलेली. नऊ ते बारा वयाची, तबला शिकू इच्छिणारी आपली मुले एका जागी किती जमतील? पाच, फार तर सहा. सहा मुलांवर चांगला तबलावादक दर रविवारी येणार नाही. आला तरी चौथ्या महिन्यात दोन मुले गळतील आणि वर्ग बंद पडेल. असे बंद पडलेले ज्ञातीचे वर्ग मी पाहिले आहेत. त्यांच्या पेट्या माळ्यावर आहेत आणि भात्यांत उंदरांनी संसार केला आहे. पंचवीस-तीस मुले असली तरच वर्गाला वर्गपण येते, एकाचे पाहून दुसरा घोटतो, आणि शिक्षकालाही उमेद राहते. परक्यांच्या मुलांवर उपकार म्हणून मी दार उघडे ठेवा म्हणत नाही. ते उघडे ठेवले तरच आपली मुले शिकतील.

उल्हासनगरातील एक विद्यार्थी मला येथे आठवतो. कॅम्प क्रमांक पाचमध्ये त्याचे आईवडील घरीच जीन्सच्या पँटी शिवीत. वर्गात तो गप्प असे, पाढे त्याला कधी आले नाहीत. एकदा त्याने मला जीन्सच्या कापडाचा उरलेला तुकडा आणून दिला. त्यावर शिंप्याच्या खडूने त्याने शिलाईयंत्रावर वाकलेली आपली आई काढली होती. पाठीचा बाक आणि पायट्यावरचे पाऊल, एवढ्या चार-सहा रेघा, पण बाई दमलेली आहे हे कोणालाही कळावे. मी तो तुकडा शाळेच्या फळ्याशेजारी टाचला. पुढे ते कुटुंब गावी गेले आणि मुलाचे काय झाले हे समजले नाही. त्या वस्तीत त्याला बसावयास रविवारची एखादी खोली असती, तर तिच्या दारावर कोणत्या ज्ञातीची पाटी आहे हे त्याने विचारले नसते. आपणही त्याला विचारू नये, इतकेच माझे म्हणणे आहे.

"चित्रे काढून पोट भरते काय?" हा प्रश्न आताच मागील रांगेतून कोणीतरी हळूच विचारला, तो मला ऐकू आला. काहींचे भरते, पुष्कळांचे भरत नाही. पण आपण मुलांना मराठी शिकवितो ती सर्वांनी लेखक व्हावे म्हणून नव्हे. नीट पाहावयास शिकलेले मूल पुढे डॉक्टर झाले तरी रोग्याकडे नीट पाहील, आणि दुकानात बसले तर दागिन्याचा तोल त्याला कळेल. याहून लांब उत्तर मी देत नाही, कारण ज्यांनी हा प्रश्न विचारला त्यांच्या आजोबांच्या हातचा चपलाहार मी स्वतः पाहिला आहे.

पैशाविषयी. नव्या देणग्यांची आजच गरज नाही. गुणगौरवात दरवर्षी जी काचेची सन्मानचिन्हे आपण देतो ती दोन वर्षांत कपाटाच्या वर जातात. त्यांऐवजी प्रत्येक मुलास रंगपेटी व कागद द्यावे आणि उरलेली रक्कम शिक्षकांच्या मानधनाकडे वळवावी. मानधन मात्र वेळेवर आणि योग्य द्यावे. कलावंताने हौसेखातर फुकट शिकवावे, ही अपेक्षा आपण भटजींकडून किंवा वकिलांकडून करीत नाही. ज्ञातीबाहेरील मुलांकडून तीच अल्प फी घ्यावी जी आपल्या मुलांकडून घेऊ, कमी नाही आणि जास्त नाही. ज्यांना ती झेपत नाही त्यांच्याकडून घेऊ नये. आपल्यांत हातकाम जाणणारे वृद्ध कारागीर अद्याप आहेत. त्यांनी महिन्यातून एकदा मुलांपुढे ठसा उमटवून दाखवावा. भगिनींपैकी ज्यांनी विशारद केले आणि लग्नानंतर पेटी मिटून ठेवली, त्यांची नावे मला ठाऊक आहेत, पण ती मी येथे घेणार नाही, त्यांनीच द्यावी. वर्गावर देखरेखीसाठी पाच जणांची समिती असावी आणि तिच्यात निदान तीन माता असाव्यात, कारण कोणत्या वेळी मूल येऊ शकते आणि कोणत्या वेळी नाही हे त्यांनाच कळते; आम्ही पुरुषमंडळी नऊची वेळ ठरवितो आणि नऊ वाजता त्या पोळ्या लाटीत असतात.

वर्ग प्रथम अंबरनाथच्या सभागृहात सुरू व्हावा, कारण ते तिन्ही गावांच्या मध्ये पडते आणि शिवालयही तेथेच आहे. वर्षभर तो अखंड चालला, तर बदलापूर आणि उल्हासनगर येथे प्रत्येकी एका घराची बैठकीची खोली मिळविण्याचा विचार करावा. तोपर्यंत शाखा काढू नयेत. आपल्याला फलक लावण्याची फार घाई असते.

या सर्वांचा ठराव मी लेखी स्वरूपात कार्यवाहांकडे दिला आहे. तो आजच मंजूर करावा असा माझा आग्रह नाही. ज्येष्ठांची हरकत सभेपुढे यावी, तिच्यावर मोकळी चर्चा व्हावी आणि मग मते घ्यावी. दरवाजाजवळच्या मेजावर एक कोरी वही ठेविली आहे. ज्यांना आपली मुले पाठवावयाची आहेत, ज्यांना शिकवावयाचे आहे, आणि ज्यांच्या घरी न वापरलेली पेटी, तबला किंवा तंबोरा पडून आहे, त्यांनी अल्पोपाहाराला जाण्यापूर्वी तीत नाव व पत्ता लिहावा. शेजाऱ्याच्या मुलाचे नाव लिहावयाचे असल्यास तेही त्याच पानावर लिहावे. त्यासाठी वेगळे पान ठेविलेले नाही.